रॅम्पवर व्हीलचेअर चढली, कपडा मात्र अजून उभ्या माणसाचाच

शेवंती_कर्वेनगर

फॅशनमध्ये अपंगांना आता मानाची जागा मिळू लागली आहे, अशा अर्थाचं एखादं रील मला दर पंधरवड्याला कोणीतरी पाठवतंच. रॅम्पवर व्हीलचेअर येते, कॅमेरे लखलखतात, लोक उभे राहून टाळ्या वाजवतात. खाली पाठवणारीची ओळ असते, "बघ गं, किती भारी!" भारी आहेच. पण मी स्वतः व्हीलचेअरवर असते, मणक्याच्या दुखापतीमुळे कमरेखाली संवेदना नाही, आणि असं रील बघताना माझी नजर थेट पँटकडे जाते. मागून कमरेवरून ती खाली ओढली गेलीय का, पुढे पोटावर कापडाचा बोळा झालाय का. बहुतेक वेळा दोन्ही झालेलं असतं. मॉडेल बसलेली, कपडा उभ्याचा.

श्रेय द्यायचं तिथे आधी देते. 1998 च्या सप्टेंबरात डिझायनर अलेक्झांडर मॅक्वीनच्या लंडनमधल्या शोमध्ये एमी मलिन्स चालली. ती वर्षाची असताना तिचे दोन्ही पाय गुडघ्याखाली कापावे लागले होते. मॅक्वीनने तिच्यासाठी अ‍ॅश लाकडाचे पाय कोरून घेतले, वेलबुट्टीसकट. बघणाऱ्यांतल्या अनेकांना ते उंच बूटच वाटले! त्याच सुमारास त्याने 'डेझ्ड अँड कन्फ्यूज्ड' मासिकाचा एक अंक पाहुणा संपादक म्हणून केला. त्यात अपंग माणसांचे निक नाइटने काढलेले फोटो होते, चांगले सजवलेले आणि कुणाची कीव न करणारे. नंतर बराच काळ शुकशुकाट. मग 2014 मध्ये डीझेल या कपड्यांच्या ब्रँडच्या जाहिरातीत व्हीलचेअरवरची जिलियन मर्काडो दिसली, 2015 मध्ये डाउन सिंड्रोम असलेली ऑस्ट्रेलियाची मॅडलिन स्टुअर्ट न्यूयॉर्कच्या रॅम्पवर आली. 2016 च्या सप्टेंबरात मुंबईच्या डिझायनर अर्चना कोचर यांच्या कपड्यांत रेश्मा कुरेशी तिथेच चालली. अ‍ॅसिड हल्ल्यात तिचा एक डोळा गेला होता. त्याच डिसेंबरात आपल्या संसदेने अपंग हक्क कायदा मंजूर केला आणि त्यातल्या अपंगत्वाच्या 21 प्रकारांच्या यादीत अ‍ॅसिडग्रस्तांनाही घेतलं. मे 2023 चा ब्रिटिश 'व्होग' तर अपंग व्यक्तींच्या पाच वेगवेगळ्या मुखपृष्ठांसह निघाला, ब्रेल आवृत्तीही काढली.

एवढं सगळं झालं. आता दुकानात चला. गावाचं नाव पुणे, मॉलचं नाव सांगत नाही. ट्रायल रूमची एक खोली मोठी आहे, दारावर निळं चिन्हही आहे, आणि आत छतापर्यंत खोकी रचलेली आहेत. सेल्सगर्ल फार गोड बोलली. "मॅडम, घरी नेऊन बघा ना, नाही बसलं तर परत करा." घरी नेऊन, आडवं होऊन, आईच्या मदतीने चढवून बघायचं आणि परत रिक्षा करून बदलायला यायचं.

याचा परिणाम काय होतो ते पुरुषमंडळींना कदाचित माहीत नसेल. आमच्यातल्या कितीतरी बायका गाऊनमध्ये अडकल्यात. पुढून चेन, सैल, घालायला सोपा. हॉस्पिटलमधून घरी येताना घातलेला गाऊन पुढे दहा-दहा वर्षं अंगावरून उतरत नाही. लग्नाला जायचं नाही, कारण घालायला काही नाही. आणि लग्नाला जात नाही म्हणून घालायला काही शिवलं जात नाही.

तर धागा यासाठी. रॅम्पचं कौतुक पुरे, मापं सांगा. तुम्ही किंवा तुमच्या घरातलं कोणी काय घालतं, कोण शिवून देतं, काय जमलं, काय फसलं?

---

टवाळ_पांडू

खोक्यांबद्दल +1. आमच्या ऑफिसातल्या तसल्या टॉयलेटमध्ये झाडू-बादल्या असतात. बाकी वाचतोय.

---

आप्पा_गिरगाव

शेवंती, धागा आवडला. मी पोलिओवाला, आता साठी उलटली. उजव्या पायाला मांडीपासून कॅलिपर, म्हणजे आधाराचा धातूचा सांगाडा. आयुष्यात फॅशन एकदाच माझ्या बाजूने होती, बेलबॉटमच्या काळात. कॅलिपर, बूट, सगळं त्या घेरात गडप. कॉलेजात मी चक्क स्टायलिश गणला जायचो. मग नॅरो बॉटम आल्या आणि माझी फॅशन संपली. तेव्हापासून आमच्या गल्लीतला शिंपी मला खालून बावीस इंचाची पँट शिवतो आणि दर वेळी "आप्पा, जमाना बदलला" असं ऐकवतो.

दोन गोष्टी तरुणांसाठी. कॅलिपरचं गुडघ्याचं कुलूप पँट आतून खातं. तिथे आतल्या बाजूने कॅनव्हासचा चौकोनी तुकडा लावून घ्यायचा. सुटा नको, चारही बाजूंनी टीप मारून. पँट दुप्पट टिकते. दुसरं म्हणजे बूट. माझा डावा पाय 8 नंबर, उजवा 5. दुकानात एक डावा आणि एक उजवा वेगळ्या मापाचा मागितला की मालक हसतो. म्हणून जन्मभर दोन जोड्या विकत घेऊन प्रत्येकीतला एक टाकत आलो. मार्च 2014 मध्ये देश पोलिओमुक्त झाल्याचं प्रमाणपत्र मिळालं, आनंद झाला. पण आम्ही मागे उरलेल्यांना पाय आहेत आणि ते अजून दोन मापांचे आहेत. इतक्या मोठमोठ्या चप्पल कंपन्या, एकीलाही एकेरी बूट विकावासा वाटू नये?

---

सडेतोड

भावना समजल्या, पण धंद्याचंही बघा. 2011 च्या जनगणनेत अपंग 2 कोटी 68 लाख, म्हणजे लोकसंख्येच्या 2.21 टक्के. त्यात कुणाला पाय, कुणाला डोळे, कुणाला कान. प्रत्येकाची गरज वेगळी. कोणती कंपनी यासाठी वेगळं पॅटर्न काढेल? खर्च कोण भरणार? रॅम्पवर एक जण आणला की जाहिरात होते, ती स्वस्त पडते. ते ढोंग आहे असं म्हणा हवं तर, पण हिशेब सरळ आहे.

---

न्यूजर्सीकर

@सडेतोड, हा हिशेब इथे अमेरिकेत एकदा मांडून, मोडून, परत मांडून झालाय. 1950 च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये हेलन कुकमन नावाच्या डिझायनर होत्या, त्यांना स्वतःला कमी ऐकू यायचं. त्यांनी पुनर्वसन रुग्णालयातल्या रुग्णांबरोबर काम करून 'फंक्शनल फॅशन्स' हे लेबल सुरू केलं. नावाजलेले डिझायनर त्यात आले, 70 च्या दशकात लीवाइजनेही त्या लेबलखाली जीन्स काढली. साधी जीन्सच, पण बाजूने पूर्ण उघडणारी. पुढे ते लेबल बंद पडलं आणि लोक इतके विसरले की आता प्रत्येक कंपनी "जगात प्रथमच" म्हणते.

अलीकडची गोष्ट माझ्याच राज्यातली. मिंडी शायर या फॅशन डिझायनर. त्यांच्या मुलाला मस्क्युलर डिस्ट्रॉफी, म्हणजे स्नायू कमजोर होत जाण्याचा आजार. तो कायम ट्रॅक पँट घालून शाळेत जायचा, एक दिवस म्हणाला मला इतरांसारखी जीन्स हवी. बाईंनी घरच्या घरी जीन्स उसवून तिला वेल्क्रो आणि इलॅस्टिक लावलं. त्यातून 2014 मध्ये 'रनवे ऑफ ड्रीम्स' ही संस्था निघाली, 2016 मध्ये टॉमी हिलफिगरबरोबर मुलांचे कपडे आले, 2017 मध्ये मोठ्यांचे. बाहेरून शर्टाला नेहमीसारखी बटणं, आत चुंबक. (पेसमेकर किंवा मेंदूत शंट (पाणी काढणारी नळी) असेल तर चुंबकवाले कपडे डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. लेबलवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, कोणी वाचत नाही.)

आणि नायकीचं उदाहरण सडेतोड यांच्या मुद्द्याला थेट लागू आहे. 2012 मध्ये फ्लोरिडातल्या सेरेब्रल पाल्सी असलेल्या एका मुलाने कंपनीला पत्र लिहिलं, की कॉलेजला जाईन तेव्हा बुटाची नाडी बांधायला कुणी लागू नये. 2015 मध्ये मागून चेनने उघडणारा फ्लायईज बूट आला. 2021 मध्ये हात न लावता घालता येणारा आला, आणि तो इतक्या धडधाकट लोकांना हवासा झाला की फेरविक्रीत दुप्पट-तिप्पट भावाने विकला गेला. ज्यांच्यासाठी केला त्यांनाच मिळेना. म्हणजे गिऱ्हाईक नाही ही अडचण नव्हतीच!

---

काजबटण

डोंबिवलीत माझं छोटं बुटीक आहे. गिऱ्हाईक मुख्यतः ब्लाउज-ड्रेसचं, पण काही वर्षांपूर्वी एका ताईंच्या नवऱ्याचा अपघात झाला, त्यांच्यासाठी पँट शिवता शिवता हे काम शिकले. शेवंतीताईंनी मापं मागितली आहेत म्हणून सविस्तर लिहिते. कंटाळा आला तर पुढच्या प्रतिसादावर उडी मारा.

पहिली गोष्ट, माप बसवूनच घ्यायचं, तेही त्यांच्या रोजच्या खुर्चीत आणि रोजच्या गादीवर. आडवं झोपवून घेतलेलं माप चुकतं. बसल्यावर मागचं आसन लांब होतं आणि पुढचं आखडतं. माझ्या हाताला साधारण मागे अडीच-तीन इंच वाढवावे लागतात, पुढे दीड-दोन इंच काढावे लागतात. नुसता मागचा नेफा वर चढवला की पुढचा बोळा तसाच राहतो, म्हणून दोन्ही करायचं. मागच्या अर्ध्या नेफ्यात इलॅस्टिक, पुढे सपाट पट्टी. मागचे खिसे रद्द. रिव्हेट, जाड लेबल, मधली जाड शिवण, जीन्सची दुहेरी दाब शिलाई, यातलं काहीही बुडाखाली येता कामा नये. संवेदना नसलेल्या माणसाला ते टोचत नाही, थेट जखम होते आणि बेडसोर भरायला महिने जातात. हे मला त्या ताईंनी सांगितलं, कुठल्या कोर्समध्ये नव्हतं.

खिसा हवाच असतो, फोनला. तो मांडीवर, तिरका, चेनचा. बसल्यावर हात तिथेच पोचतो. खालची लांबी दोन इंच जास्त ठेवा, नाहीतर पँट घोट्याच्या वर चढून पाय उघडे दिसतात. आडवं होऊन घालायची असेल तर दोन्ही बाजूंना कमरेपासून अर्ध्या मांडीपर्यंत चेन, आणि चेनच्या आत पट्टी हवीच. कातडी चेनमध्ये अडकली तर त्यांना कळणार नाही. युरिन बॅग असेल तर पोटरीच्या आतल्या शिवणीत छोटी चेन ठेवते, म्हणजे बाहेर कुठे रिकामी करायची तर पँट उतरवावी लागत नाही.

ब्लाउज-कुर्त्याचं वेगळं. खुर्ची स्वतः ढकलणाऱ्यांचा मुंढा (काखेजवळची बाहीची गोलाई) फाटतो. मुंढ्यात कळी टाका, पाठीला दोन्ही बाजूंनी चुणी सोडा. बाही कोपराच्या जरा खाली संपवा, मनगटापर्यंत नेली की चाकाला लागून काळी होते. आणि आपल्या आजीच्या ब्लाउजची हुकं पुढे असायची ना? मागून हुकं आणि मागून दोरी आली तेव्हापासून संधिवाताची बाई, एका हाताची बाई, सगळ्याच दुसऱ्याच्या हातावर अवलंबून झाल्या. मी पुढे दिसायला हुकं लावते, ती खोटी, आत प्रेस बटणं. वेल्क्रो रेशमाला नको, काठाचे धागे ओढतो.

@सडेतोड, खर्चाचं विचारलंत. जास्तीचं कापड फार तर अर्धा मीटर. वेळ जातो पहिल्या पॅटर्नला. तो कागद एकदा कापून ठेवला की दुसरी पँट नेहमीच्या वेळातच होते. मोठ्या कंपन्यांना हे कठीण जाऊ नये. निफ्ट या सरकारी फॅशन संस्थेने 'इंडिया साइज' प्रकल्पात सहा शहरांत 15 ते 65 वयाच्या 25 हजारांवर लोकांची स्कॅनरने मापं घेतली आहेत, भारतीय शरीराचा तक्ता करायला. तक्ता बसलेल्यांचाही करा म्हणावं, एवढंच मागणं आहे.

---

शेवंती_कर्वेनगर

@काजबटण, ताई, प्रिंट काढून ठेवलाय. मांडीवरच्या खिशासाठी तर साष्टांग. आत्तापर्यंत फोन मांडीखाली ठेवत होते आणि डॉक्टर ओरडत होते.

---

सडेतोड

ठीक, कापडाचा मुद्दा मान्य. पण तुम्ही एकेका गिऱ्हाइकासाठी शिवता. रेडिमेडमध्ये साठा पडून राहिला तर काय, हा प्रश्न उरतोच.

---

काजबटण

साठ्याचं उत्तर आपल्याच बाजारात लटकलेलं आहे. शिवलेली नऊवारी! दादरला, लक्ष्मी रोडला दुकानं भरून. निऱ्या शिवलेल्या, पदर शिवलेला, कमरेला नाडी किंवा हुक. ती कुणी अपंगांसाठी काढली नाही. घाईतल्या मुलींना नेसता येत नाही म्हणून निघाली, आणि आता मंगळागौरीपासून ढोल पथकापर्यंत सगळीकडे चालते. नेमकं तेच हात न चालणाऱ्या बाईला हवंय, एका जागी बसूनच नेसावं लागतं त्या बाईलाही हवंय. एकच बदल करायचा. काष्टा मागे खोचल्यासारखा जाड शिवतात, तो बुडाखाली गाठोड्यासारखा येतो. मी मागचा भाग साध्या मऊ सुती कापडाचा सपाट शिवते आणि काष्ट्याचा काठ फक्त दोन्ही बाजूंना दिसेल एवढा ठेवते. खुर्चीत बसलेल्या बाईची मागची बाजू तशीही कोणी बघत नाही. पदर मात्र खांद्यावर पिन करून पुढे मांडीवर घ्यायचा, चाकात गेला तर गळ्याला फास बसेल.

असे कपडे म्हाताऱ्या माणसांना लागतात, हात प्लास्टरमध्ये असलेल्याला लागतात, डायलिसिसला जाणाऱ्याला लागतात. 2.21 टक्क्यांवर थांबू नका.

---

रानजाई

शेवंतीताई, मी जरा भांडायला आले आहे.

माझा डावा पाय गुडघ्याखाली नाही, शाळेत असताना अपघातात गेला. तुम्ही म्हणता रॅम्पचं कौतुक पुरे. मला नाही पटत. मला कृत्रिम पाय बसवला तेव्हा सगळ्या घराचा एकच ध्यास होता, तो दिसू नये. त्यावर कातडीच्या रंगाचं फोमचं कव्हर. कातडी कुणाची देव जाणे, माझी तर नक्कीच नाही. त्यावर जाड मोजा. त्यावर सलवार. उन्हाळ्यात आत घामाचं डबकं. कॉलेजच्या पहिल्या वर्षी मी एमी मलिन्सचे ते कोरलेले लाकडी पाय फोटोत पाहिले. तोपर्यंत पाय सुंदर असू शकतो हे मला कुणी म्हणजे कुणी सांगितलं नव्हतं. पुढच्या वेळी सॉकेट (पाय ज्यात बसतो ती खोबण) बदलायला गेले तेव्हा तंत्रज्ञ काकांना विचारलं, याचा रंग बदलता येतो का? ते म्हणाले, हवं ते कापड आण, रेझिनमध्ये बसवून देतो. इतकं सोपं! त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. मी आईच्या जुन्या इरकलीचा तुकडा नेला. आता मी गुडघ्यापर्यंतचे स्कर्ट घालते, बसमध्ये बायका पायाला हात लावून "इरकल आहे का गं?" विचारतात.

शिंपी मला पँट शिवून देईल. पण स्कर्ट घालावा असं मनात यायलाच तो फोटो लागला. तो फोटो बघूनही मी काही "प्रेरित" वगैरे झाले नाही, मला फक्त हेवा वाटला. हेवा वाटायला समोर कोणीतरी लागतंच ना?

अवांतर: जयपूर फूट या आपल्याकडच्या कृत्रिम पायाची थोरवी मला फार उशिरा कळली. परदेशी धाटणीच्या पायाला बूट लागायचाच. रामचंदर शर्मा या कारागिराने डॉ. सेठींबरोबर केलेल्या पायाला बोटं होती, तो अनवाणी चालायचा, त्याने मांडी घालता यायची, चिखलात जाता यायचं. नर्तिका सुधा चंद्रन त्यावर नाचल्या. देवघरात, पंगतीत, शेतात माणूस कसा वावरतो याचा विचार करून केलेली वस्तू. याला मी डिझाइन म्हणते.

---

शेवंती_कर्वेनगर

रानजाई, भांड खुशाल. फोटोचा मुद्दा घेते, त्याला माझ्याकडे उत्तर नाही. इरकल पायाचा फोटो टाक ना, चेहरा नको असेल तर नको.

पण सगळे फोटो एका मापाचे नाहीत, हे तूही मान्य करशील. 2015 च्या शेवटी 'इंटरव्ह्यू' मासिकाच्या मुखपृष्ठावर कायली जेनर सोन्याच्या रंगाच्या व्हीलचेअरवर बसली, चांगली चालती-फिरती बाई, शोभेसाठी. 2016 च्या पॅरालिम्पिकच्या वेळी ब्राझीलच्या 'व्होग'ने दोन धडधाकट कलाकारांचे हात-पाय फोटोशॉपमध्ये कापले, पोस्टर केलं आणि वर म्हणाले आम्ही सगळे पॅरालिम्पियन. खरे खेळाडू तिथेच, त्याच देशात होते! एमीचा फोटो आणि हा फोटो, यांत फरक आहे तो कामाला कोणाला बोलावलं आणि पैसे कोणाला मिळाले याचा. माझा राग तिथे आहे.

---

वकीलसाहेब_नव्हे

पैशावरून आठवलं. 2009 मध्ये लंडनमध्ये रियाम डीन या विद्यार्थिनीने अ‍ॅबरक्रॉम्बी अँड फिच या कपड्यांच्या कंपनीला न्यायाधिकरणात खेचलं होतं. तिचा एक हात कोपराखाली कृत्रिम. कंपनीचं "लुक" धोरण होतं, स्वेटर घालून हाताचा सांधा झाकला म्हणून तिला दुकानाच्या दर्शनी भागातून काढून मागच्या गोदामात पाठवलं. ती जिंकली, सुमारे 8 हजार पौंड भरपाई मिळाली. रॅम्प वर्षातून दोनदा असतो, काउंटर रोज असतो. आपल्या शहरातल्या कपड्यांच्या दुकानात कॅश काउंटरवर नजर टाका आणि कोण बसलंय बघा.

---

स्पर्शखूण

मी पूर्ण अंध, नोकरी बँकेत. या विषयावर आम्हाला कोणी विचारत नाही, कारण आंधळ्याला कपड्यांचं काय, असं लोकांच्या मनात असतं. दुकानदार माझ्या बायकोला विचारतो, "यांना कोणता रंग दाखवू?"

कापडाचं ज्ञान माझ्या बोटांत आहे. इरकल आणि खण मी काठावरून ओळखतो, पैठणी वजनावरून, आणि "प्युअर कॉटन" म्हणून पॉलिस्टर गळ्यात मारणारा दुकानदार पहिल्या मिनिटात. रंग मात्र लक्षात ठेवावे लागतात. निळ्या शर्टाच्या कॉलरच्या आत एक फ्रेंच नॉट (धाग्याची छोटी गाठ), पांढऱ्याला काहीच नाही, राखाडीला दोन. बहिणीने घालून दिल्या आहेत. पँटला तसंच. एवढ्यासाठी ब्रेल लेबल मिळालं असतं तर किती बरं.

ऑनलाइन खरेदी हे आमच्यासाठी वरदान असायला हवं होतं, ट्रायल रूमच नाही. पण स्क्रीन रीडर फोटोवर जातो आणि वाचतो "इमेज चार शून्य सात तीन". वर्णनात लिहिलेलं असतं "मल्टिकलर, स्टायलिश, पार्टीवेअर". कॉलर कशी आहे, चौकटी बारीक की मोठ्या, कापड खरखरीत की मऊ? काही नाही. 30 एप्रिल 2025 ला सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सुविधा वापरता येणं हा कलम 21 खालचा, म्हणजे जगण्याच्या हक्काचाच भाग ठरवला. ते प्रकरण केवायसीचं होतं, अ‍ॅसिडग्रस्तांना आणि आम्हाला कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकवून दाखवायला सांगायचे त्याचं. शर्टांपर्यंत ते कधी पोचतं बघू. तोवर फोटोखाली दोन ओळी नीट लिहा, कोणत्याही कोर्टाने अडवलेलं नाही.

---

कुसुम_नाशिक

माझा मुलगा ऑटिस्टिक आहे, नऊ वर्षांचा. आमच्याकडे प्रश्न दिसण्याचा नाही, टोचण्याचा आहे. मानेमागचं लेबल, मोज्याची बोटांवरची शिवण, गणवेशाची कडक कॉलर. आम्ही बनियन उलटं घालतो, शिवणी बाहेर. नवे कपडे आधी घरातल्या कोणीतरी वापरून मऊ करतो. शाळेने (नाव नको) टाय आणि बेल्टमधून सूट द्यायला सहा महिने लावले, डॉक्टरांचं पत्र मागितलं, मग दुसरं पत्र मागितलं. काजबटण ताई, गणवेशाची कॉलर आतून मऊ मलमलची करून देता येते का? बाहेरून दिसायला तीच हवी, नाहीतर परत पत्र.

---

काजबटण

येते. कॉलरचं कॅनव्हास काढून टाकायचं, आतलं पान जुन्या धुतलेल्या मलमलीचं. शिवण मानेला न लागता बाहेरच्या अंगाला उलटवायची. शर्ट पाठवा, करून देते.

---

वरोऱ्याची_वाट

मी फिजिओथेरपिस्ट, बरीच वर्षं कुष्ठरोगाच्या कामात. चपलांबद्दल लिहितो, कारण फॅशनमुळे माणसाचं काय होऊ शकतं ते मी तिथे पाहिलं.

कुष्ठरोगात पायाची संवेदना गेली की काटा-खडा कळत नाही, जखम होते, पाय झडतो. म्हणून एमसीआर (मायक्रोसेल्युलर) रबराची मऊ तळाची चप्पल देतात, सरकारी कार्यक्रमातून फुकट. वैद्यकीयदृष्ट्या उत्तम वस्तू. पण वर्षानुवर्षं ती एकाच घडणीची, एकाच काळ्या रंगाची, जाड पट्ट्यांची निघाली. गावात ती चप्पल दिसली की लोकांना रोग कळायचा. चहाच्या टपरीवर वेगळा कप. मग माणसं ती घरात ठेवून अनवाणी किंवा बाजारातल्या प्लास्टिकच्या चपलेत यायची आणि तळपायाला भोक घेऊन आमच्याकडे परत यायची. आम्ही त्यांना हट्टी म्हणायचो. पुढे काही ठिकाणी तोच तळ ठेवून वर नेहमीच्या सँडलसारखे पट्टे, वेगळे रंग, बायकांसाठी नाजूक घडण दिली, आणि लोक वापरायला लागले. रबर तेच. चप्पल चारचौघांसारखी दिसते एवढाच फरक, आणि त्यावर पाय वाचतो की जातो ते ठरतं. कुष्ठमुक्त माणसंही त्या 21 प्रकारांत आहेत, पण त्यांना रॅम्पवर चालवलेलं माझ्या तरी पाहण्यात नाही.

आणि उलट बाजू. आनंदवनात हीच माणसं हातमागावर कापड विणत आली आहेत. कापड लोकांना चालतं.

---

रानजाई

@वरोऱ्याची_वाट, हे वाचून थोडा वेळ काही लिहिता आलं नाही.

---

सडेतोड

एमसीआर चपलेचं माहीत नव्हतं. माझी आई ऑपरेशननंतर दिलेल्या सँडल घालत नाही, आम्ही तिच्यावर रोज चिडतो. उद्या तिला घेऊन दुकानात जातो, कोणता रंग हवा ते तीच ठरवेल.

काजबटण, शिवलेल्या नऊवारीचा मुद्दा बिनतोड होता. तरी माझं मत आहे की कंपन्या हे स्वतःहून करणार नाहीत, आधी तुमच्यासारख्या पन्नास बुटिकनी धंदा करून दाखवावा लागेल.

---

आप्पा_गिरगाव

पन्नास बुटिक होईपर्यंत मी असेन-नसेन. तोवर या धाग्यावर कोणी डावा 5, उजवा 8 वाला आहे का? लेस नसलेला, काळा. जोड्या वाटून घेऊ. थट्टा नाही, खरंच विचारतोय.

---

टवाळ_पांडू

आप्पा, माझ्या मावशीच्या शेजारी एक काका आहेत, डाव्या पायाला पोलिओ, उजवा बहुतेक 8 किंवा 9. विचारून व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

---

शेवंती_कर्वेनगर

आप्पांचं जुळलं तर इथेच कळवा!

काजबटण ताई, अजून एक, जून तोंडावर आलाय. रेनकोट. बाजारातला घातला की पुढे मांडीवर पाण्याचं तळं होतं, मागे खुर्चीच्या पाठीत अडकतो, आणि पाँचो घेतला तर त्याची टोकं चाकात जातात. छत्री धरली तर खुर्ची ढकलायला हात उरत नाही. पावसाळ्यात मी ऑफिसला भिजतच जाते.

---

काजबटण

याच्यावर एक प्रयोग चालू आहे. पाँचोच घ्यायचा, पण मागे फक्त कमरेपर्यंत, पुढे पावलांच्या खाली जाईल एवढा. बाजूला घेर कापून टाकायचा, म्हणजे चाकाकडे काही लोंबत नाही. मांडीवर तळं होऊ नये म्हणून गुडघ्यांच्या पुढे आतून एक वाकवलेली प्लास्टिकची पट्टी, कापड त्यावर ताणलं जाऊन पाणी पुढे ओघळतं. हात बाहेर काढायला दोन बाह्या, कोपरापर्यंतच. शिवणीला आतून टेप, नाहीतर सुईच्या भोकांतून गळतं. पट्टी कुठे अडकवायची ते अजून नीट जमलेलं नाही, खुर्चीच्या पायट्याला बांधली तर वळताना ओढते. तुमच्या खुर्चीच्या पायट्याची रुंदी आणि बसल्यावर गुडघ्यापासून जमिनीपर्यंतची उंची कळवा, शक्य झालं तर बाजूने एक फोटो.